झाडाच्या सालीपासून विरघळणाऱ्या पट्टीपर्यंत

१/ मोडलेल्या हाडाला वनस्पतीचा आधार देण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अस्थिभंग बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड यांचा निर्देश येतो. आपल्या चाकूरकडील हाडवैद्यांच्या बांबूच्या कामट्या त्याच परंपरेतल्या. मात्र हा आधार कातडीबाहेर असे. नको झाला की सोडता येई.

२/ पुढे आधार देहाच्या आत गेला. धातूच्या पट्ट्या व स्क्रू भक्कम असतात. पण हाड जुळल्यावरही ते आतच राहतात. काहींना ते काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. मजुरीवर जगणाऱ्या घराला हा दुसरा खर्च जड जातो.

३/ मग काम संपताच विरघळून जाणारा आधार का नसावा? १९६६ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील आर. के. कुलकर्णी व सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक ॲसिडवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे बहुवारिक प्राण्यांच्या ऊतींना विषारी ठरले नाही आणि हळूहळू विघटित झाले. १९७१मध्ये याच संशोधनात कुत्र्यांच्या मोडलेल्या जबड्यांवर त्याच्या पट्ट्या वापरल्या गेल्या.

४/ लॅक्टिक आम्ल आपल्या दह्यातही असते. त्याचे रेणू साखळीने जोडले की हे बहुवारिक तयार होते. आज ते आम्ल मुख्यतः मका, ऊस यांच्या साखरेच्या किण्वनातून मिळते. देहातील पाण्याने साखळी तुटते, आम्ल सुटते आणि अखेर त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते.

५/ हिशेब इतका सरळ नव्हता. नेदरलँड्समध्ये गालाचे हाड मोडलेल्या दहा रुग्णांना अशा पट्ट्या बसवल्या होत्या. हाडे नीट जुळली. पण तीन वर्षांनंतर काहींच्या गालावर सूज आली. पट्टीचे न विरघळलेले स्फटिकमय कण ऊतींत उरले होते. १९९३मध्ये हे प्रसिद्ध झाले.

६/ तोवर जैवसुसंगततेची व्याख्याही बदलली होती. १९८६च्या चेस्टर परिषदेपासून ती विशिष्ट कामाशी जोडली गेली : ते काम करताना पदार्थाला शरीराचा प्रतिसाद योग्य हवा. म्हणजे कोणताही पदार्थ सर्वत्र आणि सर्वकाळ सुसंगत नसतो.

७/ म्हणून ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने निश्चिंत होऊ नये. सालीची पट्टी सोडून जखम पाहता येई; आतली पट्टी तशी पाहता येत नाही. ती सुचवली गेल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : विरघळायला किती वर्षे लागतील, आणि तोवर तपासणी कोण करील?