कोठारातील रंगमंच

शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वाचली गेली आहे. नाताळच्या दिवशी चार बहिणी घरातच एक शोकनाट्य सादर करतात, मध्येच मनोरा कोसळतो, शेवटी प्रेक्षक मैत्रिणी बसलेली खाटच मिटते, हा प्रसंग मूळ ग्रंथात आहे. प्रसंग कल्पित असला तरी त्यामागील नाट्यमंडळ खरे होते. लेखिका लुइझा मे अल्कॉट आणि तिची थोरली बहीण ॲना याच त्या मंडळाच्या नाटककार, नट आणि शिंपी.

त्यांचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे शिक्षक. १८३४ साली त्यांनी अमेरिकेतील बोस्टन शहरी ‘टेंपल स्कूल’ काढले. पाठांतरापेक्षा संवादावर त्यांचा भर असे. शुभवर्तमानांविषयी मुलांशी झालेले संवाद त्यांनी १८३६-३७ मध्ये दोन खंडांत छापले आणि शहर खवळले. ख्रिस्तजन्माच्या गूढाविषयी बालकांना इतके मोकळे प्रश्न विचारणे लोकांना अभद्र वाटले. शाळा ओस पडू लागली. १८३९ मध्ये त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश दिला, तेव्हा उरलेल्या बहुतेक पालकांनीही पाठ फिरवली. अल्कॉट मात्र त्या मुलीला काढण्यास तयार झाले नाहीत. त्यांच्या ईशज्ञानाशी माझे जमणार नाही, परंतु या एका कृत्यापुढे मान लवते.

आता त्यांच्यापाशी मुख्यतः पोटच्या चार मुलीच विद्यार्थिनी म्हणून उरल्या. १८४३ मध्ये स्थापिलेली ‘फ्रूटलँड्स’ ही आदर्श वसाहत काही महिन्यांतच कोलमडली. १८४५ साली पत्नीच्या वारसाहक्काच्या पैशातून आणि एमर्सन यांनी दिलेल्या ५०० डॉलरांतून काँकर्ड येथे ‘हिलसाइड’ हे घर घेतले गेले. या घराचे कोठार हेच मुलींचे नाट्यगृह. प्रथम परीकथा आल्या. शिडीवर चढवलेल्या भोपळ्याच्या वेलीचा जादूचा घेवडा झाला आणि तो तोडताच माळ्यावरून राक्षस गडगडला. बनियनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’मधील यात्राही (आपल्याकडे १८४१ मध्ये हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने तिचे भाषांतर केले) मुली टेकडीवर खेळत. हाती काठी, पाठीला झोळी, टोपीला शिंपले. प्युरिटन पूर्वजांच्या या लेकींनी संत याकोबाच्या यात्रेकरूंचे शिंपले टोपीला लावावेत, याची मौज वाटते.

पुढे मुली स्वतः नाटके लिहू लागल्या. ‘नॉर्ना’, ‘कॅस्टीलचा बंदिवान’ अशी त्यांची नावे. चेटकिणी, विषाचे प्याले, तुरुंग आणि भुते यांची त्यांत रेलचेल. एकेकीला अनेक पात्रे रंगवावी लागत. दुष्ट सरदार आणि शूर नायक लुइझाच्या वाट्याला येत, हळव्या भूमिका ॲनाच्या. साहित्य म्हणून ही नाटके सामान्यच आहेत. संवाद पल्लेदार, कथानके उसनी वाटणारी. मात्र त्या घरात शिक्षण म्हणजे अखंड आत्मपरीक्षण होते. मुलींच्या रोजनिश्याही आईवडील वाचत. लुइझा स्वभावाने तापट. राग आवरण्याचे धडे तिला रोजच मिळत. राग मनसोक्त व्यक्त करण्याची मुभा तिला कदाचित खलनायकाच्या अंगरख्यातच मिळत असावी. आदर्शवादी पित्याच्या अभ्यासक्रमात न बसलेला हा तास मुलींनी आपला आपण भरला, असे मला वाटते.

१८४८ मध्ये गरिबीने कुटुंबाला बोस्टनला नेले. आई दीनदुबळ्यांसाठी काम करून पगार मिळवू लागली. मुली शिकवणी, शिवणकाम करू लागल्या. नाटकाचे वेड मात्र सुटले नाही. १८५८ मध्ये तिसरी बहीण एलिझाबेथ वारली. काँकर्डच्या हौशी नाट्यमंडळात ॲनाची जॉन प्रॅट यांच्याशी ओळख झाली आणि १८६० मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी लुइझाचे एक प्रहसन बोस्टनच्या व्यावसायिक रंगभूमीवर आले, पण त्याने तिचे नाव झाले नाही. नाव आणि पैसा आला तो १८६८ मध्ये, कोठारातल्या त्या खेळांना कादंबरीत जागा मिळाली तेव्हा. कुटुंबाची कर्जे तिनेच फेडली.

लुइझा १८८८ च्या मार्चमध्ये वारली. वडील तिच्या दोनच दिवस आधी गेले होते. बालपणीच्या नाटकांची हस्तलिखिते ॲनाने जपून ठेवली होती. त्यांतील निवडक नाटके तिच्या प्रस्तावनेसह १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षीच्या जुलैत ॲनाही निवर्तली.