दीडपटीची कुळकथा

अमेरिकेत सरकारी मदतीवर कॉलेज शिकणाऱ्या मुलाला सत्र संपलं की कधीकधी एक ईमेल येते : तुम्ही 'सॅप'मध्ये बसत नाही. सॅप म्हणजे सॅटिस्फॅक्टरी अ‍ॅकॅडेमिक प्रोग्रेस, समाधानकारक प्रगती; मदत चालू राहायची अट. स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांना ही केंद्र सरकारची मदत मिळतच नाही, म्हणून इकडे हे नाव फारसं कानावर येत नाही. तिथेच जन्मलेल्या मराठी मुलांची गाठ मात्र त्याच्याशी पडू शकते.

या अटीचं मूळ 1944च्या 'जीआय बिला'त सापडतं. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी आणि सडा असेल तर महिना 50 डॉलर निर्वाहाला. अभ्यास समाधानकारक हवा, पण समाधान व्हायचं ते संस्थेचं, तिच्या नेहमीच्या निकषांनुसार. नुसती फी उकळायला निघालेल्या शाळांचंही लवकरच पीक आलं. 1952च्या कायद्यानं मग पैसे संस्थेऐवजी थेट सैनिकाच्या हातात दिले.

1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली, तीही सॅन मार्कोसला, आपल्या जुन्या कॉलेजात. आता मदत सैनिकांपुरती उरली नाही. 1972 साली गरजू विद्यार्थ्यांसाठी अनुदान आलं, तेच आजचं 'पेल ग्रँट'. खर्च वाढला तशी हिशेबाची भाषा सुरू झाली. 1976च्या दुरुस्तीनं प्रगतीची अट सगळ्यांना लावली, मोजमाप मात्र पुन्हा कॉलेजकडेच. ज्याच्या गल्ल्यात फी पडणार, त्यानंच मुलगा नापास ठरवायचा! 1981 साली सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल दिला. मदत घेणारे विद्यार्थी समाधानकारक प्रगती करत नाहीत, निकष कडक करा, हे त्याच्या शीर्षकातच होतं. 1986 साली कायद्यात आकडा शिरला : दुसऱ्या वर्षाअखेर 'सी' सरासरी किंवा तिच्या तोडीचं काही. दीडपट आली ती पुढच्या दशकात. पदवीला 120 क्रेडिट लागत असतील, तर फार तर 180 क्रेडिटांना नाव घालता येतं.

बहुतेक कॉलेजांतला 67 टक्क्यांचा दंडक याच दीडपटीतून निघाला. 180पैकी 120 पुरे करायचे, म्हणजे दर तिनांतले दोन. समजा, मुलीनं पहिल्या सत्रात 15 क्रेडिट घेतले. आई आजारी पडली म्हणून तीन-तीन क्रेडिटांचे दोन विषय मुदतीनंतर सोडले आणि उरलेल्या तिन्हींत 'ए' मिळवला. गुणांची सरासरी 4.0, पण 15पैकी 9 म्हणजे 60 टक्के. सॅपमध्ये नापास! ज्या सत्रात मदतीचा एक डॉलरही घेतला नाही, तेही या हिशेबात धरतात. फुकट्यांना आवरायला बसवलेली चाळणी, आणि अडकते ही. मला हा निकष आळशीपणापेक्षा अडचणच जास्त मोजतो असं वाटतं.

2011पासून लागू झालेल्या नियमांनी पायऱ्या आखून दिल्या : आधी ताकीद, एका सत्राची सवड, तरीही जमलं नाही तर अपील. नात्यातला मृत्यू, आजारपण, दुखापत अशी कारणं चालतात. शिवाय आता काय बदललं, हेही लिहून द्यावं लागतं. अपील ऐकायचं की नाही, हे प्रत्येक कॉलेजनं आपलं ठरवायचं. निकाल मान्य नसेल, तर वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही.