गोटुलातला पाहुणा

माडियांच्या गावात परका माणूस आला तर त्याने उतरायचे कुठे, हा प्रश्न भामरागड-एटापल्लीच्या जंगलात फार पूर्वीच सुटलेला आहे. त्याने गोटुलात उतरायचे. बाहेरच्या जगात गोटुलची ख्याती तरुण पोरापोरींच्या नाचगाण्यांपुरतीच झाली. पण गावाची बैठक तिथेच भरते, तंटे तिथेच मिटतात आणि वाटसरूही तिथेच रात्र काढतो. असा पाहुणा कुणा एका घरचा नसतो. तो गावाचा असतो आणि गावाच्या नजरेसमोर असतो. आदिवासी जीवन जवळून अनुभवण्याच्या सहलींची बोली आता चंद्रपूर-गडचिरोलीतही ऐकू येऊ लागली आहे, म्हणून ही जुनी रीत आठवायला हवी. परक्याचे येणे गावाच्या हिताचे ठरले की घाताचे, हे या प्रदेशाच्या इतिहासात त्याच्या हेतूवरून ठरलेले दिसत नाही. यजमानपण कोणाच्या हाती होते, यावरून ते ठरले.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. गोंडांची लिंगोकथा त्याने एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या भाटाकडून, ऐकून उतरवून घेतली आणि त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने ती छापली. अशी माणसे आली नसती तर हे सारे विरून गेले असते, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. छापील पाठाचे मोल मोठे आहे, पण कथा पिढ्यान्‌पिढ्या परधानांनीच जपली होती; पुस्तकावर मात्र नाव हिस्लॉपचे राहिले. पुढे इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विनने इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावर १९४७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या जिव्हाळ्याबद्दल शंका घेता येणार नाही. तो अनेक वर्षे आदिवासींमध्ये राहिला, त्यांच्यातच त्याने संसार केला. तरीही शहरी वाचकाने त्या ग्रंथातून मुक्त शरीरसंबंधांचे कुतूहल तेवढे उचलले आणि एक गंभीर सामाजिक संस्था चवीने चर्चिण्याचा विषय झाली. मग कॅमेरे आले. स्वीडिश दिग्दर्शक आर्ने सुक्सडॉर्फ याच्या १९५७ च्या चित्रपटात गढबेंगालचा चेंदरू हा मुरिया मुलगा वाघासोबत खेळताना जगाने पाहिला. तो स्वीडनलाही जाऊन आला, मग गावी परतला आणि २०१३ मध्ये हलाखीतच वारला. ग्रंथात काय यावे, पडद्यावर काय दिसावे, हे ठरवण्यात मुरियांच्या गावाला वाटा नव्हता.

मग दार लावूनच घ्यायचे काय? हा वादही जुना आहे. बैगा आदिवासींसाठी ‘नॅशनल पार्क’सारखे राखीव क्षेत्र असावे, असे एल्विनने १९३९ मध्ये सुचवले. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना वेगळे ठेवण्याच्या या भूमिकेवर कडक टीका केली. दोघांचीही विद्वत्ता मोठी होती, पण ज्यांच्याविषयी हा वाद चालला होता त्यांना कोणी विचारले नव्हते. ताडोब्यात हीच उणीव दुसऱ्या रूपाने दिसते. ज्या तारू देवाच्या नावावरून ताडोबा हे नाव पडल्याचे सांगतात, त्याचे ठाणे तळ्याकाठी आहे. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला, आणि आतली गावे एकेक करून बाहेर हलवली गेली. वाघ जगलाच पाहिजे, यात दुमत नाही. पण आज त्या जंगलात पाहुण्याची जिप्सी फिरते, आणि देवाच्या जुन्या माणसांना आपल्याच ठाण्यापर्यंत जायला परवानगी लागते.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत जड आक्षेप भामरागडजवळच्या हेमलकशाचा आहे. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा माडियांनी कोणाला बोलावले नव्हते, तरी तो त्यांच्या हिताचाच ठरला. हे खरे आहे. पण पुढे काय झाले तेही पाहावे. सुरुवातीला लोक उपचारांसाठी फिरकतच नव्हते. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी वाट पाहिली, माडिया भाषा शिकून घेतली. जवळ यायचे की नाही, हे माडियांनीच ठरवले आणि तेही आपल्या गतीने.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर ही गोष्ट नियमात बसवली. सागाचे लाकूड वापरून उभारलेले त्यांचे गोटुल वनखात्याने पाडले. गावाने ते पुन्हा उभे केले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. बाहेरचे जाणकारही येतात, पण गावाच्या अभ्यासगटात बसून बोलतात, ठरवते ग्रामसभा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. रोजगारासाठी हैदराबादची वाट धरणाऱ्या पोराला गावातच पाहुण्यांकडून चार पैसे मिळाले तर कोण नको म्हणेल? पेरूमध्ये, सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाने ते करून दाखवले. १९७० च्या दशकात पर्यटक येऊ लागले, तेव्हा नावा बेटवाल्यांच्या होत्या, पाहुणे कोणत्या घरी उतरणार ते पाळीने ठरे, विणलेले कापड समाजाच्या दुकानात विकले जाई. १९९० च्या दशकात जलवाहतूक बाहेरच्या व्यावसायिकांना खुली झाली आणि मिळकतीचा मोठा भाग त्यांच्याकडे वळला. पाहुणे वाढले, यजमानपण गेले.

गडचिरोलीला हे टाळता येईल, कारण कायदा बाजूने आहे: आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा. कोणत्याही गावात पर्यटन योजना आखण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव सक्तीचा करावा. पाहुणे किती, कधी, कुठवर, फोटो काढायचे की नाही, पैसा कोणाकडे जमा होणार, हे त्याच ठरावात असावे. आणि ग्रामसभेने नको म्हटले, तर सरकारने ते नको मान्य करावे.