द रॉक्स, सिडनी

द रॉक्स हा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याची राजधानी असलेल्या सिडनी शहराचा ऐतिहासिक भाग आहे. सिडनी कोव्ह या लहान खाडीच्या पश्चिम काठावर, हार्बर ब्रिजच्या दक्षिण टोकाशी तो वसला आहे. येथील वालुकाश्माच्या खडकाळ उतारावरून त्याला हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकातील घरे, गोदामे आणि पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या यांसाठी तो प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात रहिवासी व बांधकाम मजुरांनी केलेल्या विरोधामुळे तो पाडला जाण्यापासून बचावला.

इतिहास

हा मूळचा गॅडिगल या आदिवासी समाजाचा प्रदेश होय. जानेवारी १७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनी कोव्ह येथे कैद्यांची वसाहत स्थापन केली. त्यानंतर या उतारावर कैदी, सैनिक, खलाशी व गोदी कामगार यांची वस्ती वाढली. १९०० साली सिडनीत प्लेगची साथ आली. १८९६ मध्ये मुंबईत पोहोचलेल्या जागतिक साथीचाच हा भाग होता. साथीनंतर सरकारने येथील जमिनी ताब्यात घेतल्या व अनेक घरे पाडली. पुढे हार्बर ब्रिजच्या बांधकामासाठी प्रिन्सेस स्ट्रीट हा संपूर्ण रस्ता नाहीसा झाला. हा पूल १९३२ मध्ये खुला झाला.

ग्रीन बॅन आंदोलन

१९६८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या पुनर्विकास प्राधिकरणाने जुन्या वस्तीच्या जागी उंच इमारती उभारण्याची योजना आखली. जमीन सरकारी मालकीची असल्याने भाडेकरू रहिवाशांकडे कायदेशीर उपाय फारसे नव्हते. त्यांनी बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे मदत मागितली. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील या संघटनेने येथील कामावर बहिष्कार टाकला. वेतनासाठी नव्हे, तर परिसराच्या रक्षणासाठी केलेल्या अशा बहिष्काराला ‘ग्रीन बॅन’ म्हटले जाते. ऑक्टोबर १९७३ मध्ये पाडकाम सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा आंदोलकांना अटक झाली. त्यांत मंडी हेही होते. अखेर योजना बदलण्यात आली आणि बहुतेक जुन्या वास्तू जतन करण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९७७ मध्ये राज्याने वारसा संवर्धनाचा कायदा केला. आर्गाइल स्ट्रीटच्या एका भागाला आज मंडी यांचे नाव आहे.

प्रमुख वास्तू

• कॅडमन्स कॉटेज (१८१६) : सरकारी होड्यांच्या तांडेलांसाठी बांधलेले घर. पूर्वी ते पाण्यालगत होते. भरावामुळे किनारा दूर गेला.

• आर्गाइल कट : खडक फोडून काढलेला रस्ता. त्याचे काम १८४३ मध्ये कैद्यांकरवी सुरू झाले आणि १८५९ मध्ये पूर्ण झाले.

• सुझाना प्लेस (१८४४) : एकमेकांना लागून असलेली चार घरे व कोपऱ्यावरील किराणा दुकान. आता येथे कामगार कुटुंबांच्या जीवनाचे संग्रहालय आहे.

• सिडनी वेधशाळा (१८५८) : लगतच्या टेकडीवरील इमारत. जहाजांना वेळ कळावी म्हणून दुपारी एक वाजता मनोऱ्यावरील गोळा खाली सोडण्याची पद्धत येथे अजूनही पाळली जाते.

• बिग डिग : १९९४ मध्ये झालेल्या उत्खननात सापडलेले घरांचे पाये. त्यांना धक्का न लावता वर खांबांवर प्रवासी वसतिगृह बांधले आहे.

• सिरियस : येथील रहिवाशांना परिसरातच राहता यावे म्हणून बांधलेली सरकारी भाडेघरांची काँक्रीटची इमारत. वास्तुरचनाकार ताओ गोफर्स.

सद्यस्थिती

द रॉक्स आज सिडनीतील प्रमुख पर्यटनस्थळ असून जुन्या गोदामांत दुकाने, उपाहारगृहे व कलादालने आहेत. मात्र ज्यांच्यासाठी आंदोलन झाले, त्या भाडेकरू कामगारांची वस्ती येथे फारशी उरलेली नाही. सिरियसमधील रहिवाशांना हलवून २०१९ मध्ये ती इमारत खासगी विकासकाला विकण्यात आली. त्यामुळे वारसा जतन करताना केवळ वास्तू राखाव्यात की तेथील लोकवस्तीही, हा प्रश्न द रॉक्सच्या संदर्भात पुन्हा चर्चेत आला.