उत्तरकांड : गोदाकाठची उत्तरकथा

उत्तरकांड हे रामकथेचे सातवे आणि शेवटचे कांड. रावण मारला जातो, वनवास संपतो, अयोध्येत राज्याभिषेक होतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता कथा पुरी झाली. नेमके तेथून हे कांड सुरू होते. वाल्मीकी रामायणातील बालकांड आणि उत्तरकांड हे भाग मूळ काव्याला मागाहून जोडले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर लोकांच्या तोंडी बसलेल्या, संपलेल्या कथेकडे बऱ्याच काळाने परतून तिला पुढचा भाग देण्याचा भारतीय साहित्यातला हा फार जुना दाखला आहे.

या पुढच्या भागाचा विषय अवघड आहे. राज्य आदर्श आहे, प्रजा सुखी आहे, तरी एका लोकापवादापायी निर्दोष सीतेला गरोदरपणी वनात जावे लागते. तिची मुले वाल्मीकींच्या आश्रमात वाढतात आणि आपला बाप कोण हे ठाऊक नसताना राजसभेत त्याचीच कथा गातात. वाल्मीकींच्या काव्यात लव-कुश गातात, लढत नाहीत. अश्वमेधाचा घोडा अडवून राजसैन्यापुढे उभी ठाकणारी मुले पुढच्या ग्रंथांत आली. आठव्या शतकाच्या सुरुवातीचा भवभूती हा त्या ग्रंथकारांतला थोर नाटककार. तो विदर्भातल्या पद्मपूरचा. आमगावजवळचे पदमपूर तेच हे गाव, असे वा. वि. मिराशी यांनी दाखवले. आधी 'महावीरचरित' लिहून रामकथा राज्याभिषेकापर्यंत आणणाऱ्या भवभूतीने पुढे 'उत्तररामचरित' लिहिले. त्यात लव घोडा धरतो, लक्ष्मणाच्या मुलाशी त्याचे युद्ध जुंपते, आणि शेवटी सीता भूमीत न जाता रामाला परत मिळते. मागाहून लिहिणाऱ्याने शेवट बदलला आणि रसिकांनी तो मान्य केला. संस्कृत नाटकांत या उत्तरकथेचे स्थान भवभूतीच्या पहिल्या नाटकाहून वरचे आहे, आणि ते योग्यच आहे.

मराठीत ही परंपरा आली ती गोदावरीच्या दोन्ही काठांनी. उत्तर काठावर पैठण. दक्षिणेला गेवराई, माजलगाव, परळी हे आजच्या बीड जिल्ह्याचे तालुके आणि बालाघाटाच्या माथ्यावर अंबाजोगाई. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११०, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो आणि त्यांची समाधी अंबाजोगाईला आहे. हा ग्रंथ पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन भागांत आहे. त्यानंतर 'परमामृत' या छोट्या ग्रंथात तोच वेदान्तविषय पुन्हा हाती घेतलेला दिसतो.

अंबाजोगाईचेच दासोपंत (१५५१–१६१५) एका ग्रंथाकडे पुन्हा पुन्हा परतले. तो ग्रंथ म्हणजे भगवद्गीता. तिच्यावर त्यांनी 'गीतार्णव' रचला. त्याच्या ओव्या सव्वा लाख असल्याचे परंपरा सांगते. एवढ्यावर न थांबता त्याच गीतेवर त्यांनी आटोपशीर 'गीतार्थबोधचंद्रिका' लिहिली. त्यांची पासोडी तर डोळ्यांनी पाहण्याची वस्तू आहे. अंगावर पांघरायच्या जाड्याभरड्या खादीचा सुमारे ४० फूट लांबीचा पट्टा, आणि त्यावर पंचीकरण हा वेदान्तविषय ओव्यांत, आकृत्यांसह, दाटीवाटीने लिहिलेला. कागद अपुरा पडला की कापड घ्यावे, पण सांगायचे राहू देऊ नये, हा त्या हाताचा स्वभाव. दासोपंतांच्या वंशजांची थोरले देवघर आणि धाकटे देवघर ही घराणी अंबाजोगाईत आहेत. त्यांनी हा वारसा शतकानुशतके सांभाळला, याबद्दल मराठी वाचकाने त्यांचे ऋणी असायला हवे.

दासोपंत आणि पैठणचे एकनाथ समकालीन. बीडला समाधी असलेले जनीजनार्दन हेही त्यांच्याच मंडळातले. या आणि आणखी दोन सत्पुरुषांना मिळून 'एकनाथ पंचायतन' म्हणतात. दुसऱ्याच्या ग्रंथात हात घालण्याविषयी एक ठाम नियम एकनाथांनी घातला. १२९० सालची ज्ञानेश्वरी त्यांच्या काळापर्यंत पाठभेदांनी गढूळ झाली होती. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, त्यांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असे शेवटी बजावले. पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या पोटात कोणी शिरायचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाचे काय, हा प्रश्न मात्र त्यांच्याच ग्रंथाने उभा केला. 'भावार्थ रामायण' हे त्यांचे शेवटचे आणि सर्वांत मोठे काम: सात कांडे, सुमारे ४०,००० ओव्या. १५९९ मध्ये एकनाथांनी देह ठेवला तेव्हा युद्धकांडाचा ४४ वा अध्याय झाला होता. रावण अजून जिवंत होता. ऐन लढाईत कथा थांबली.

ती गावबाने पुरी केली. परंपरेने जपलेली त्याची गोष्ट अशी. पुरणपोळीशिवाय दुसरे काही न मागणारे, घरच्यांना जड झालेले हे पोर एकनाथांच्या वाड्यात आले. एकनाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी त्याला रोज पुरणपोळी वाढली. मंत्र द्यायची वेळ आली तेव्हा 'एकनाथ' हे नाव सोडून दुसरे काही म्हणायला तो तयार होईना. ग्रंथ अर्ध्यावर राहिला तेव्हा जाणत्या शिष्यांऐवजी तो या मुलाच्या हाती आला, आणि परंपरेनुसार त्याने उरलेला ग्रंथ शेवटास नेला. गोष्टीतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक उरतेच: गुरूच्या शब्दाची लय ज्याच्या कानात रोज पडत होती, त्यालाच ती पुढे चालवता आली. ओवीची घडण आणि निरूपणाची तऱ्हा ही सगळी एकनाथांचीच ठेवण. ऐकणाऱ्याला सांधा कळू नये, हीच त्याची इच्छा असावी.

पुढच्या काळात नाझऱ्याच्या श्रीधरांनी हीच वाट घराघरांत नेली. 'हरिविजय' (१७०२), 'रामविजय' (१७०३) आणि 'पांडवप्रताप' (१७१२) हे त्यांचे ग्रंथ एकामागून एक आले. भारतीय युद्धाची कथा 'पांडवप्रतापा'त संपल्यावर तीन वर्षांनी, १७१५ मध्ये, त्यांनी 'जैमिनी अश्वमेध' लिहिला. ही युद्धानंतरची कथा: जिंकलेल्या पांडवांचा घोडा देशोदेशी फिरतो आणि कोवळ्या वयाची मुले त्याला अडवतात. बभ्रुवाहन आपल्या बापाशी, अर्जुनाशी लढतो. मराठी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या जीव मुठीत धरून ऐकलेले प्रसंग हे असे आहेत.

हे ग्रंथ जगले ते 'पोथी लावण्या'मुळे. आषाढी एकादशीनंतर, चातुर्मासात गावातल्या देवळात पोथी लागते. लाल बासन सोडायचे, चौरंगावर ग्रंथ ठेवायचा, समई लावायची. एकाने ओवी चालीवर वाचायची, तो वाचक. दुसऱ्याने तिचा अर्थ चालू बोलीत सांगायचा, तो सूचक. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांत भावार्थ रामायणाच्या कार्यक्रमपत्रिकांवर आजही 'वाचक' आणि 'सूचक' अशी दोन नावे छापली जातात. सूचक चांगला असेल तर गाव रात्री उशिरापर्यंत हलत नाही. युद्धकांडातल्या लक्ष्मणशक्तीच्या रात्री तर जागर होतो. लक्ष्मण निपचित पडलेला, हनुमान औषधीसाठी गेलेला, आणि सूर्य उगवायच्या आत तो परतला पाहिजे. म्हणून पोथीही पहाटेपर्यंत चालू ठेवतात. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपतात.

बीडमध्ये या चालीला आणखी एक अर्थ होता. १९४८ पर्यंत जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते आणि कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. शाळेत न गेलेल्या माणसाला ग्रंथातली मराठी भेटत होती ती देवळातल्या पोथीतून आणि कीर्तनातून. नंतर ऊसतोडीने गावांचे वेळापत्रक बदलले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गावे ओस पडतात. त्यामुळे पावसाळ्यातले श्रवणाचे दिवस हेच गाव एकत्र असण्याचे दिवस.

पोथी कोठे थांबवायची याबाबत गावोगावी एकमत नाही. काही ठिकाणी राज्याभिषेकाच्या अध्यायावर समाप्ती करून प्रसाद वाटतात, काही ठिकाणी उत्तरकांड शेवटपर्यंत वाचतात. हाच पेच दूरदर्शनपुढेही आला. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका जुलै १९८८ मध्ये राज्याभिषेकावर संपली. लव-कुशांची आणि वाल्मीकींची कथा राहिली म्हणून वाल्मीकी समाजाने आग्रह धरला, उत्तरेतल्या काही शहरांत सफाई कामगारांनी संप केला, आणि त्यानंतर 'उत्तर रामायण' आले. त्यातला कुश साकारला तो पुढे मराठी पडद्यावर नावारूपाला आलेल्या स्वप्नील जोशी यांनी. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर दूरदर्शनने मूळ मालिका पुन्हा लावली आणि एप्रिलमध्ये तिच्या पाठोपाठ उत्तरकथाही दाखवली.

संपलेल्या कथेकडे असे परतणे इंग्रजी किशोरसाहित्यातही अलीकडे घडले आहे. लोइस लाउरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) या कादंबरीत वरून निर्दोष दिसणारी एक वसाहत आहे. तिच्या सुखाखाली काय दडले आहे हे जोनास या बारा वर्षांच्या मुलाला कळते आणि तो एका बाळाला घेऊन पळतो. ती दोघे वाचली का, हे पुस्तक सांगत नाही. वाचक विचारत राहिले. त्या बाळाच्या आईची बाजू सांगणारे 'सन' हे या मालिकेतले चौथे पुस्तक १९ वर्षांनी, २०१२ मध्ये आले. सुझान कॉलिन्स यांची 'हंगर गेम्स' मालिका २०१० मध्ये पुरी झाली, तिच्याकडे लेखिका २०२० मध्ये परतली. आदर्श म्हणवणारे राज्य, त्याची किंमत मोजणारी आई आणि त्याला जाब विचारणारी मुले: उत्तरकांडाचे श्रोते हे सारे ओळखतील.

गावबाचे मात्र एक देणे राहिले आहे. ग्रंथावर नाव एकनाथांचे, समाप्तीला जयघोषही त्यांचाच. आणि त्याला स्वतःला ते तसेच हवे असणार. तरी युद्धकांडाचा पंचेचाळिसावा अध्याय उघडेल त्या रात्री सूचकाने घटकाभर थांबून सांगावे, की येथून पुढची ओवी गावबाची आहे.