'कलाकार अज्ञात' : नाव कोणी पुसले?

जगातल्या कोणत्याही मोठ्या संग्रहालयात जा. युरोपीय चित्राखाली चित्रकाराचे नाव, जन्म-मृत्यूचे साल, चित्राचे साल असते. आफ्रिकी शिल्पाखाली बहुतेक वेळा जमातीचे नाव आणि 'कलाकार अज्ञात'. हे अज्ञान आपोआप आलेले नाही. ते घडवले गेले, आणि त्यात तोफांइतकाच विद्वानांच्या ग्रंथांचाही हात होता. 'कलेचा इतिहास हा आपला विषय नाही' असे समजणाऱ्या मित्रांनी म्हणूनच हा इतिहास जरूर वाचावा.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याची राजधानी लुटली आणि जाळली. राजा ओबा ओवोनरामवेन याला कालाबारला हद्दपार केले. पितळी फलक, मस्तके, हस्तिदंती शिल्पे अशा हजारो वस्तू लंडन, बर्लिन, व्हिएन्नाच्या संग्रहालयांत पोहोचल्या. मग तिथल्या पंडितांपुढे अडचण उभी राहिली. ज्यांना 'रानटी' म्हणून चिरडले, त्यांना मेणाचा नमुना घडवून त्यावर इतके बारीक ओतकाम करता आले कसे? लंडनच्या तज्ज्ञांनी सुरुवातीला पोर्तुगीजांकडे आणि इजिप्तकडे बोट दाखवले. १९१० मध्ये इफे येथील शिल्पे पाहून जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियसने तर बुडालेल्या अटलांटिसचा आणि ग्रीक वसाहतीचा सिद्धांत मांडला. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशानसारख्याने बेनिनच्या ओतकामाला इटलीच्या चेल्लिनीच्या तोडीचे म्हटले, पण असा आवाज विरळाच. खरे कर्ते होते बेनिनच्या इगुन भागातले ओतारी. पिढ्यानपिढ्या ते ओबासाठी पितळ ओतत होते. त्यांचे वंशज आजही तिथेच ते काम करतात.

ही युक्ती आपल्याला अनोळखी आहे का? नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आजही 'पांडवलेणी' म्हणतात. जे श्रमिकांनी घडवले ते पुराणातल्या क्षत्रियांच्या नावावर चढवले. पण दगड खोटे बोलत नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. म्हणजे कारागिराचे नाव कोरण्याची रीत या भूमीत होती. ती कोणत्या व्यवस्थेत टिकली आणि कोणत्या व्यवस्थेत मेली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. जिथे हाताने काम करणारा खालचा ठरतो, तिथे त्याच्या वस्तूला किंमत येते, त्याच्या नावाला येत नाही.

आता पॅरिसला या. १९०७ मध्ये पिकासोने त्रोकादेरोच्या संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले. त्याच वर्षीच्या 'आव्हिन्योंच्या तरुणी' या चित्रात पाच नग्न वेश्या आहेत आणि त्यांतल्या दोघींचे चेहरे मुखवट्यासारखे आहेत. आधुनिक कलेची पुस्तके या चित्राला क्रांती म्हणतात. क्रांती असेलही. पण मुखवटे कोरणाऱ्यांची नावे कुठे आहेत? आणि त्या स्त्रिया कोण? आफ्रिकी माणूस आणि स्त्री दोघेही तिथे कच्चा माल ठरले.

या प्रश्नांना धार आणली स्त्रीवादी कला-अभ्यासकांनी. १९७१ मध्ये लिंडा नॉकलिनने विचारले की थोर स्त्री-कलावंत झाल्या का नाहीत? तिचे उत्तर सरळ होते : दोष प्रतिभेचा नाही, संस्थांचा आहे. नग्न देहाचा अभ्यास हा मोठ्या चित्रकाराच्या शिक्षणाचा पाया मानला जात होता आणि एकोणिसाव्या शतकात बराच काळ अकादमींनी स्त्रियांना त्या वर्गांची दारे बंद ठेवली. 'मेरिट'च्या नावाने आरक्षणाला शिव्या घालणाऱ्यांना हे उत्तर ऐकवावे. आधी दार बंद करायचे आणि मग 'तुमच्यात गुणवत्ता नाही' म्हणायचे, हा खेळ जगभर सारखाच आहे. १९७३ मध्ये कॅरोल डंकनने दाखवले की विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंडखोर चित्रकारांचे स्वातंत्र्य बऱ्याचदा स्त्रीदेहावरच्या मालकीवर उभे होते.

पण गोऱ्या स्त्रीवादातही काळी स्त्री मागेच राहिली. ती जागा काळ्या स्त्रियांनी स्वतः मिळवली. सिल्व्हिया आर्डिन बून या अभ्यासिकेने १९८६ मध्ये सिएरा लिओनच्या मेंदे स्त्रियांवर ग्रंथ लिहिला. तिथल्या सांदे या स्त्रीसंस्थेत लाकडी मुखवटा स्त्रिया घालून नाचतात. मेंदेंची सौंदर्याची स्वतःची कल्पना आहे, स्वतःचे शब्द आहेत, हे तिने पाश्चात्त्य मोजपट्टी बाजूला ठेवून मांडले. फेथ रिंगगोल्डने १९९१ मध्ये गोधडीवर पिकासोचा स्टुडिओ रंगवला आणि त्यात काळी स्त्री कथेची नायिका म्हणून बसवली. गोधडीच का? कारण तेच तिच्या आयाआज्यांचे माध्यम होते.

शेवटचे उदाहरण सर्वांत बोलके. योरुबा शिल्पकार ओलोवे याने इकेरेच्या राजवाड्यासाठी कोरलेले दार १९२४ च्या लंडनमधील साम्राज्य प्रदर्शनात मांडले गेले. ब्रिटिश म्युझियमने इंग्लंडमध्ये बनवलेल्या सिंहासनाच्या बदल्यात ते घेतले. शिल्पकाराचे नाव मात्र घेतले नाही. पण ते नाव हरवले नव्हते. ओलोवेच्या पत्नीला त्याची स्तुतिकवने पाठ होती. १९८८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, तिने ती अभ्यासकाला म्हणून दाखवली. जे संग्रहालयाच्या कागदात नव्हते ते एका स्त्रीच्या कंठात होते!

मित्रांनो, आपला इतिहासही असाच कंठात आहे. वारली लग्नचौक पूर्वापार सुवासिनी लिहीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव १९८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत गेले, याचा अभिमान आहेच. पण त्या सुवासिनींपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? जलशात ढोलकी कोणी वाजवली, वस्तीतल्या विहाराची पहिली बुद्धमूर्ती कोणी घडवली, मोर्चाचे बॅनर कोणी रंगवले, हे जाणणारी पिढी अजून जिवंत आहे. त्यांच्याजवळ बसा. नाव विचारा, गाव विचारा, साल विचारा, लिहून काढा. बायकांना आधी विचारा. नाहीतर उद्या कोणी पंडित येईल आणि आपल्या माणसांखालीही 'अज्ञात' लिहून जाईल.

जय भीम!