चार ओहम की आठ? बेसच्या बॉक्समागचा इतिहास

आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तिची कंप्रता साधारण ४१ हर्ट्झ असते, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला ती झेपत नाही. आज तो प्रश्न घेतोय जो बेस वाजवणारी मुलं-मुली मला कायम विचारतात: अँपसाठी स्पीकरचा बॉक्स घ्यायचाय, चार ओहमचा घेऊ की आठचा? सांगतो. पण हे आकडे आले कुठून ते आधी बघू, म्हणजे उत्तर पाठ करावं लागणार नाही.

ओहमचा नियम १८२७ सालचा, शाळेत सगळ्यांनी घोकलेला. स्पीकरच्या बाबतीत मात्र नुसता रोध नसतो, इंपीडन्स असतो. आत तारेचं वेटोळं आहे ना, त्यामुळे तो कंप्रतेनुसार खालीवर होतो. बॉक्सवरचा ‘८’ हा ढोबळ आकडा. मल्टीमीटर लावलात तर सहाच्या आसपास दिसेल, म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका.

आता अमेरिकेत चला. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी बेसमन हा अँप. पहिल्यात १५ इंची एकच स्पीकर होता. काही वर्षांतच त्याच बेसमनमध्ये १० इंची चार स्पीकर आले. प्रत्येक आठ ओहमचा, चारही समांतर जोडणीत. म्हणजे आठ भागिले चार, दोन ओहम. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. फेंडरने तो दोन ओहमसाठीच घेतला होता, त्यामुळे काहीच अडलं नाही.

लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ च्या सुमारास याच बेसमनचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा अँप बनवला. त्यांच्या चार स्पीकरच्या बॉक्सचं गणित मात्र वेगळं: १६ ओहमचे दोन-दोन स्पीकर एकसर, मग त्या दोन जोड्या समांतर. एकूण पुन्हा १६. सर्किट जवळपास तेच, पण बॉक्स दोन ओहमऐवजी सोळाचा! एकाचा बॉक्स दुसऱ्याला डोळे झाकून जोडला तर ट्रान्सफॉर्मरवर बेतू शकतं.

पण मला सगळ्यात आवडते ती १९६९ ची गोष्ट. अँपेग कंपनीने एसव्हीटी आणला. ३०० वॅट, तेही व्हॉल्व्हवर! रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यात त्याचे सुरुवातीचे नमुने गिटारलासुद्धा वापरले गेले. सोबतच्या बॉक्समध्ये १० इंची आठ स्पीकर, प्रत्येक चक्क ३२ ओहमचा. आठही समांतर, म्हणजे चार ओहम. असे दोन बॉक्स जोडले की दोन.

३२ च का? एकसर जोडणीत एक स्पीकर जळून तुटला की त्याच्या जोडीदाराचाही आवाज बंद. समांतर जोडणीत उरलेले सात वाजत राहतात आणि इंपीडन्स चारवरून साधारण ४.६ होतो. मैफल थांबत नाही. मला तरी ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

दोन ओहमची किंमत मात्र असतेच. ३०० वॅट दोन ओहममध्ये ढकलायचे तर साधारण १२ अँपिअर विद्युतधारा लागते. सोळा ओहममध्ये तेवढ्याच वॅटला चारच्या जरा वर. बारा म्हणजे जवळजवळ गिझरइतकी! म्हणून अँप ते बॉक्स ही वायर जाड, स्पीकरचीच हवी. गिटारची बारीक केबल तिथे लावू नका, तापते.

पुढे ट्रान्झिस्टर आले, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला आणि नियम पालटले. व्हॉल्व्हचा अँप बॉक्स न जोडता वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अँपला त्याचं सहसा काही वाटत नाही. त्याला भीती कमी ओहमची. इंपीडन्स जितका कमी तितकी तो जास्त धारा सोडतो, तापतो, आणि नशीब चांगलं असेल तर स्वतःहून बंद पडतो. म्हणूनच आजच्या हलक्या अँपच्या मागे ‘किमान ४ ओहम’ असं छापलेलं असतं.

मग घ्यायचं काय? कायम एकच बॉक्स वापरणार असाल आणि अँपला किमान चार चालत असेल, तर चारचा घ्या, पूर्ण ताकद मिळते. पुढे दुसरा बॉक्स घ्यायचा विचार असेल तर आठचाच. तोवर वॅट साधारण निम्मे मिळतील, पण निम्मे वॅट म्हणजे निम्मा आवाज नव्हे. फरक तीन डेसिबलचा, कानाला थोडासाच. नंतर आठ-आठ मिळून चार होतात. चार-चार मिळून दोन, आणि तिथे बऱ्याच अँपची परवानगी संपते.

एक राहिलं. मित्राचा चारचा आणि तुमचा आठचा एकत्र लावलात तर एकूण २.६७. अँपला ते चाललं तरी चारचा बॉक्स आठच्या दुप्पट वॅट खातो, तेव्हा तो तेवढं सोसेल ना, हे त्याच्या मागच्या पट्टीवर वाचून घ्या.